पाच मीटर इकडे-तिकडे

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ८.१०
आधी सगळ्यांची खुशाली. जहाँआरा (बायको) रोज चहाच्या आधी एकेकाचं नाव घेऊन तब्येत विचारायची. ती पद्धत मोडायची नाही, असं ठरवलं आहे. फरक इतकाच की आता विचारणाराही मी आणि सांगणाराही मीच.
तौहीद (मुलगा, अमरावतीला, कुरिअरमध्ये): कंबर धरली आहे. दिवसभर मोटरसायकल. नसरीन (सून): सर्दी. शाइस्ता (मुलगी, मस्कतला): बरी आहे असं म्हणते. मोतीराम (मित्र, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, घर समोरच): शुगर दोनशे दहा, तरी काल जिलबी खाल्ली. दुकानातली घड्याळं: अकरापैकी नऊ चालू, एक मागे पडते, एक बंद. मी: ठणठणीत. गुडघा सोडून.
सवयीनं जहाँआराचंही नाव लिहिलं होतं. खोडलं.
नवीन वर्षाचा संकल्प एकच. शाइस्ता सहा फेब्रुवारीला येणार. दफनाला तिला पोचता आलं नव्हतं. आयुष्यात बापाजवळ काही मागितलं नाही पोरीनं, आता एकच मागते: अम्मीच्या कबरीवर नावाचा दगड पाहिजे, म्हणजे मला समजेल मी कोणासमोर उभी आहे. लोक आपापल्या कबरींवर जातात त्या शब-ए-बरातच्या आधी, फेब्रुवारीच्या तीन तारखेच्या आत, दगड लागलाच पाहिजे.
काम झाल्यात जमा आहे. बारा सप्टेंबरला, दफनाच्या दिवशीच, मी मोबाईलमध्ये त्या जागेचा पिन टाकून ठेवला होता. अख्ख्या अकोटात असं कोणाला सुचलं नसेल.

२ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ३
कबरस्तानात जाऊन आलो. हा सोळावा शुक्रवार. पावसाळ्यात कच्च्या कबरींची माती बसून गेली, वरून तरोट्याचं रान वाढलं, आता वाळलं. सगळ्या कबरी एकसारख्या दिसतात. बाकीचे लोक गोंधळतात. मी गोंधळत नाही. मोबाईल काढायचा, निळा ठिपका चालवत चालवत पिनवर आणायचा, जिथं दोन्ही जुळले तिथं बसायचं, फातिहा पढायचा.
आज मात्र ठिपका गेल्या शुक्रवारपेक्षा दोन कबरी अलीकडे जुळला. त्याच्या मागल्या शुक्रवारी बहुतेक डावीकडे होता. ढगांमुळे होत असेल.
(आज ढग नव्हते. पण कुठंतरी असतीलच.)
मोतीराम सोबत होता. म्हणाला, “काहून बे सत्तार, अजून त्या डबड्याच्याच मांगं हाय काय तू? वयनी तिकडं हाय ना, निंबाखाली.” आणि बोटानं दाखवलं. निंब तिथून पंचवीस-तीस पावलं लांब. मी म्हटलं, मोतीराम, माणसाची आठवण पन्नास फूट चुकते, मशीन चुकली तर पाच मीटर. तो म्हणाला, “हाव ना बापा, तू घड्याळवाला, तुले कोण सांगनार,” आणि कंपाउंडच्या भिंतीवर जाऊन बसला.
बिचाऱ्याचं शिक्षण कमी. माझंही सातवीच, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत; पण मी पुढे स्वतः शिकलो.

४ जानेवारी, रविवार
तौहीद आला होता. त्याला म्हटलं, ठिपका हलतो का, ते नीट समजावून सांग. तो घरात हिंदीत बोलतो, मी इथे मराठी करून लिहितो.
मला वाटायचं सॅटेलाइट वरून आपल्याला पाहते. तौहीद म्हणाला, “नाही अब्बा. त्याला तुम्ही दिसतच नाही. ते फक्त वेळ सांगते. मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले, बस. रात्रंदिवस एवढंच.” वीस हजार किलोमीटरवरून तो आवाज खाली यायला एका सेकंदाचा सातशेवा, नाही, शंभरातले सात भाग लागतात. किती उशिरा ऐकू आलं यावरून मोबाईल ओळखतो की सॅटेलाइट किती लांब आहे. तीन सॅटेलाइटची अंतरं मिळाली की जागा सापडते.
मी म्हटलं, म्हणजे ही सगळी घड्याळंच झाली!
तो म्हणाला, हो, घड्याळंच.
चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त केली आणि हे मला कोणी सांगितलं नाही. सेकंदाचा दहा लाखातला एक भाग चुकला तर जागा तीनशे मीटर सरकते. वर गेल्यावर घड्याळ रोज थोडं पुढे पळते, म्हणून पाठवण्याच्या आधीच मुद्दाम मंद लावून पाठवतात. वा! लंबकाच्या घड्याळात उन्हाळा-हिवाळ्याचा फरक मी अस्साच आधी धरायचो. चौथं सॅटेलाइट का लागते? तर मोबाईलमधलं घड्याळ स्वस्तातलं असते, त्याची चूक काढायला. म्हणजे दोष मोबाईलच्या घड्याळाचा. ढगांचा नाही. तौहीदनंही सांगितलं, ढगांनी काही होत नाही. भिंती, टिनं आणि झाडांच्या फांद्यांनी होते.
जाताना तो म्हणाला, “अब्बा, एक सांगू? मी रोज साठ पार्सलं देतो. पिन मला गल्लीपर्यंत नेतो. शेवटची वीस पावलं कोणालातरी विचारावंच लागते.”
हे त्याच्या धंद्याचं झालं. तिथं विचारायला माणसं असतात.

६ जानेवारी, मंगळवार
शाइस्ताचा व्हॉइस मेसेज. पिन मी तिला सप्टेंबरातच पाठवला होता. ती रोज पहाटे फजरच्या नमाजनंतर नकाशा उघडते, वरून काढलेला फोटो मोठा करते आणि त्या जागेकडे पाहून पढते. आज विचारत होती, “अब्बा, अम्मीच्या कबरीवर तुम्ही छत टाकलं का? चांदीसारखं चमकते.”
पाहिलं. पिन बरोब्बर टिनाच्या खोलीवर उभा आहे. गोरकन हबीब, कबरी खोदणारा, तिथे फावडी-घमेली ठेवतो.
मी उत्तर दिलं की पिन पाच मीटर इकडे-तिकडे सरकतो. छत नाही म्हटलं नाही, आहे असंही म्हटलं नाही. चार महिने पोरगी फावड्यांकडे पाहून पढत होती, हे कशाला सांगायचं. आता दगड लागलाच की फोटो पाठवतो.

९ जानेवारी, शुक्रवार
पद्धत सापडली. एखादं घड्याळ पुढे-मागे होत असलं तर एक दिवस पाहून काट्याला हात लावत नाहीत. आठवडाभर रोज पाहायचं, मग मधलं धरायचं. तसंच इथे. रोज सकाळी जायचं, ठिपका पिनवर आणायचा, तिथे खडूनं खूण करायची, वहीत लिहायचं. चाळीस वेळा. चाळिसांचा मध्य म्हणजे जहाँआरा.
आज पाच वेळा केलं. पाचही वेगळ्या जागी. उत्तम सुरुवात.
मोतीरामला पद्धत समजावली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काखेत कळसा अन् गावाले वळसा.” मी लक्ष दिलं नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
मान-सन्मानाचा एक प्रसंग, नोंद पाहिजे.
हबीब आज फावडं टेकवून जवळ आला. हात छातीवर ठेवून म्हणाला, “चाचा, एक बोलू? लोक फक्त आपल्या माणसाच्या कबरीवर येतात. तुम्ही एकटेच असे पाहिले की आज याच्यावर, उद्या त्याच्यावर, सगळ्यांवर फातिहा पढता. अल्लाह तुम्हाला याचा मोबदला देईल.”
मी काय बोलणार? म्हटलं, आपलं काम पढायचं.
त्यालाच विचारावं म्हटलं, बारा सप्टेंबरची जागा कुठली. त्याला माहीत नाही. त्या आठवड्यात तो बऱ्हाणपूरला साल्याच्या लग्नात होता. खोदकाम त्याच्या भावानं केलं, आणि भाऊ आता सुरतला मिलमध्ये आहे, त्याचा नंबर लागत नाही. कमिटीच्या रजिस्टरात नाव आणि तारीख आहे, जागा नाही. बघा, सगळीकडे माणसांचा कारभार. म्हणून मशीन लागते.
संध्याकाळी खलील मिस्त्रीच्या मुलानं बालूशाहीचा डबा आणून दिला. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, “चाचा, आमच्या अब्बांच्या कबरीवर तुम्ही किती शुक्रवार पढले! आम्ही मुलं असून नाही जमलं.”
खलील मिस्त्रीचं आणि माझं अठरा वर्षं बोलणं नव्हतं. माझी घड्याळं मागे पडतात, असं तो चौकात उभा राहून सांगायचा. त्याच्यावर मी का पढेन? पोराचा काहीतरी गैरसमज. बालूशाही ठेवून घेतली. मोतीरामला दिली नाही, शुगरमुळे. चार खाल्ल्या. चव कळली नाही. हल्ली कशाचीच नीटशी कळत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
सकाळी खुणा: सहा. मग दर्यापूरवरून अमरावतीची बस. तौहीदचा नवीन मोबाईल दोन-तीन प्रकारची सॅटेलाइटं ऐकतो म्हणतात, आपल्या देशाचीसुद्धा. तो आठ दिवसांसाठी मागून आणायचा.
बसमध्ये वेळ चांगला गेला. शेजारी मोर्शीचा संत्र्यांचा व्यापारी, नाव खुशालराव. त्यानं मोबाईलवर त्याचा ट्रक दाखवला. नागपूरच्या पुढे उभा होता. फोन लावून ड्रायव्हरला म्हणाला, “काहून रे, वीस मिनिटं झाली, चहा पेऊन राह्यला की शेत नांगरून राह्यला?” मागच्या सीटवरच्या बाईनं सांगितलं, तिचा जावई सेमाडोहला जंगलखात्यात आहे, तिकडे वाघाच्या गळ्यात पट्टा बांधतात आणि वाघ कुठे बसला ते ऑफिसात कळते. कंडक्टर म्हणाला, आमच्या गाडीतही यंत्र आहे, गाडी कुठं आहे ते स्टँडवर दिसते. खुशालराव म्हणाले, “मंग लेट काहून येते?” कंडक्टर म्हणाला, “लेट आहे ते दिसते ना, साहेब.”
ट्रक, वाघ, एसटी, सगळं सापडते.
खुशालरावांनी विचारलं, तुम्ही काय शोधता? मी म्हटलं, घरचं माणूस. ते म्हणाले, “हरवलं?” मी म्हटलं, नाही, जाग्यावरच आहे. त्यांनी दोन संत्री दिली.
तौहीदनं मोबाईल दिला. नसरीननं विचारलं, अब्बा जेवता ना वेळेवर? मी म्हटलं, वेळ माझ्याइतकी कोण पाळते. (दुपारचं जेवण राहिलं होतं. तिला सांगितलं नाही.)

२० जानेवारी, मंगळवार
अकोल्याला जाऊन दगडाचं पाहिलं. काळा, दीड फूट, वर उर्दू, खाली मराठी. कारागिरानं विचारलं, कोणाची कोण लिहू? सत्तार घड्याळवाल्यांची पत्नी, असं? मी म्हटलं, फक्त जहाँआरा लिहा. ती स्वतःच पुरेशी होती. सोमवारी मिळेल.
नव्या मोबाईलनं खुणा: एकवीस झाल्या. या मोबाईलचा ठिपका कमी नाचतो. सगळ्या खुणा टिनाच्या खोलीच्या दारापुढे गोळा होतात, गुळाच्या ढेपेवर मुंगळे तशा. याला म्हणतात प्रगती.
मोतीराम आज पुन्हा निंबाखाली जाऊन उभा राहिला. बोलावलं, तर आला नाही. तिथूनच ओरडला, “तू तुह्यं मोज, मी इथं हावो.”

२४ जानेवारी, शनिवार
चाळीस पूर्ण. घरी आल्यावर आलेखाच्या कागदावर सगळे ठिपके मांडले, मध्य काढला. दोनदा काढला.
मध्य पायवाटेवर येतो. दोन कबरींच्या मधून जाण्याची वाट आहे, बरोबर तिच्यावर.
कागद उलटा करूनही पाहिला. मग लक्षात आलं: पाच मीटर इकडे-तिकडे! म्हणजे वाटेच्या या बाजूची किंवा त्या बाजूची. उजवीकडची कबर लांबीला कमी वाटते. जहाँआरा ठेंगणी होती. उजवीकडचीच.
शास्त्र आणि अक्कल दोन्ही वापरली की काम होते.

२७ जानेवारी, मंगळवार. दुपारी १
दगड लागला. हबीबनं सिमेंट कालवलं, मी ओळंबा धरला. हबीब दोनदा म्हणाला, “चाचा, पक्कं ना?” मी त्याला चाळीस खुणांची वही दाखवली. तो म्हणाला, वही आहे म्हणजे बरोबरच असणार.
मोतीरामला सांगितलं नव्हतं. उगाच फाटे फोडतो.
फोटो काढून शाइस्ताला पाठवला. दहा मिनिटांत तिचा व्हॉइस मेसेज आला. आधी नुसताच श्वासाचा आवाज. मग म्हणाली, “अब्बा, दगडावर अम्मीचं नाव आहे. मी मोबाईलवर हात ठेवून सलाम केला. आता मी आले की दरवाज्याशी उभी राहीन, तुम्ही बोट दाखवा, एवढंच. मला दुसरं काही नको.” मग खूप वेळ रडली. मेसेज एक मिनिट बावन्न सेकंदांचा आहे.
तीनदा ऐकला. मला रडू आलं नाही. सप्टेंबरपासून नाहीच आलं. मन घट्ट आहे माझं, सगळे म्हणतात.

३० जानेवारी, शुक्रवार
आज काही विशेष नाही.
(सायंकाळी ६) विशेष आहे. लिहून टाकतो.
नमाजनंतर खलील मिस्त्रीचे दोन्ही मुलगे शब-ए-बरातसाठी बापाची कबर साफ करायला विळा-झाडू घेऊन आले. दोघांनी दगडावरचं नाव वाचलं. मोठा मला म्हणाला, “चाचा, माफ करा. हे आमचे अब्बा आहेत.”
मी म्हटलं, कशावरून? तो म्हणाला, “आम्ही दोघांनी उतरवलं, चाचा. डोक्याकडून मी होतो, पायाकडून हा.” पायाशी पुरलेली निळी फरशी त्यानं माती खरवडून दाखवली. मिस्त्रीच्याच हातची, उरलेली.
मी वही दाखवली नाही.
त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दगड जपून काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि टिनाच्या खोलीला टेकवून ठेवला. धाकटा म्हणाला, “चाचींची जागा सापडली की सांगा, आम्ही येऊन बसवून देऊ.” म्हणजे इतके शुक्रवार मी खरोखरच खलील मिस्त्रीवर पढलो. त्याला आता वर बसून काय वाटत असेल!
दोष मध्य काढण्यात झाला. डावीकडची असणार.

१ फेब्रुवारी, रविवार
डावीकडची नाही. ती एका अकरा वर्षांच्या मुलीची आहे. हबीबनं सांगितलं.
तौहीद त्याचा मोबाईल न्यायला आला. मी त्याला कबरस्तानात नेलं, कागद दाखवला, चाळीस ठिपके, मध्य. म्हटलं, सांग, माझं कुठं चुकलं? त्यानं कागद नीट पाहिला. माझा जुना मोबाईल पाहिला. पिन केव्हा टाकला त्याची वेळही त्याच्यात निघाली: दुपारचे दोन बेचाळीस.
तो म्हणाला, “अब्बा, काही चुकलं नाही. मापात सुद्धा चूक नाही. पिन बरोबर आहे. तुम्ही जिथे उभे होता, तिथलाच आहे.”
मी म्हटलं, मग?
तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, “तुम्ही या टिनाच्या खोलीत उभे होता, अब्बा. आम्ही तिकडे होतो.”
पाऊस होता. मोबाईल भिजेल म्हणून मी आत थांबलो असेन. असंही असेल की पिन टाकायला आडोसा पाहिजे होता.
मोतीराम भिंतीवर बसला होता. उठून आला. त्याला मी विचारलं, मी माती दिली ना? त्यानं चपलेनं जमिनीवरचा पाला बाजूला सारला. मग म्हणाला, “तुले बलावलं होतं दोनदा. तू त्या मोबाईलकडं पाहून राह्यला होता. मंग तुह्या नावानं मीच देल्ली. तीन मुठी. मौलाना म्हणे चालते. त्याइचं मन मोठं.”
मी म्हटलं, तू हे आधी का नाही सांगितलं?
“सांगून तं राह्यलो रोज. निंबाखाली, निंबाखाली. त्याच्याहून जास्त कसं सांगू? दोस्तच हावो ना मी तुहा, दुश्मन नाही.”
आम्ही तिघे निंबाखाली गेलो. तिथे शेजारी शेजारी दोन कबरी आहेत. दोन्ही सारख्या. मोतीरामनं पाय रोवून बोट पुढे केलं, मग थांबलं बोट. एकदा याच्यावर, एकदा त्याच्यावर. म्हणाला, त्या दिवशी चिखल होता आणि बाजूची जागा मोकळी होती. ही दुसरी मागाहून आली. दोन्हींतली एक नक्की. कोणती ते सांगता येत नाही. तौहीदलाही नाही येत. तो म्हणाला, “मी खाली पाहत होतो अब्बा. झाडाकडे कोण पाहते.”
तौहीदनं मोबाईल काढला नाही. मीही काढला नाही. दोन कबरींमध्ये दीड हात अंतर आहे. कोणतंच सॅटेलाइट एवढं बारीक सांगत नाही.
खाली बसलो. कोणासमोर बसलो ते माहीत नाही. गुडघा दुखला नाही, किंवा दुखला असेल, कळलं नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११
आज शब-ए-बरात. सकाळपासून लोक विळे-झाडू घेऊन चालले आहेत. शाइस्ता शुक्रवारी येणार. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला. “हॅलो अब्बा” म्हणाली की मी मस्कतच्या हवेचं विचारतो. म्हणून आधी इथे कच्चं लिहितो, मग मोबाईलवर उतरवतो.

बेटी शाइस्ता,
सलाम. तुझी तब्येत कशी? जावईबापूंची अ‍ॅसिडिटी? इकडे तौहीदची कंबर बरी, नसरीन बरी, मोतीरामकाकांची शुगर उतरली. मी बरा नाही.
तुला फोटो पाठवला ती कबर अम्मीची नाही. ती खलील मिस्त्रीची आहे. तू मोबाईलवर हात ठेवून ज्याला सलाम केलास तो माझ्याशी अठरा वर्षं बोलत नव्हता. त्याच्या मुलांनी दगड काढून दिला, एक शब्द वाईट बोलले नाहीत. नकाशावर जे चांदीसारखं दिसत होतं ते फावडी ठेवायची टिनाची खोली. अम्मीला कबरीत उतरवत होते तेव्हा मी त्या खोलीत उभा होतो. लोकांनी बोलावलं, मी गेलो नाही. मोबाईलनं पाहिलं की माझं पाहणं झालं, असं मी धरलं. मातीसुद्धा मोतीरामकाकांनी दिली.
निंबाच्या झाडाखाली दोन कबरी आहेत. दोन्हींतली एक अम्मीची. दुसरी कोणाची, बाईची की पुरुषाची, ते हबीब विचारून राहिला आहे. दरवाज्यापासून निंब दिसतो. तू आलीस की मी बोट दाखवेन, पण ते झाडाकडे दाखवेन. त्याच्यापुढे मला माहीत नाही. खोटं दाखवायचं नाही, असं ठरवलं आहे.
दगड घरात आणून ठेवला आहे, दाराच्या मागे. दोन कबरींच्या मधे लावावा, असं मोतीरामकाका म्हणतात. तौहीद म्हणतो राहू द्या. मला ठरवता येत नाही. ती तुझी अम्मी आहे, दगड तू मागितला, तर तूच सांग.
रागानं लिहिलंस तरी चालेल. पण विमानात बसायच्या आधी दोन ओळी टाक, म्हणजे मला दरवाज्याशी तुझ्यासमोर उभं राहता येईल.
तुझा अब्बा